पंचवीस घोडे

साकेत नगरातल्या अरविंदरावांची सगळी नोकरी कारखान्याच्या टेस्टिंग विभागात गेली. मोटार कितीही गोड आवाजात फिरो, आलेख हातात पडल्याशिवाय ते सही करत नसत. अशा माणसाला एका जाहिरातीने टोपी घातली, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

झालं असं. दर रविवारी मालतीबाईंना ईदगाह हिल्सवर बहिणीकडे जायचं असे. तिथल्या चढावर यांची जुनी गाडी मान टाकायची. मग मालतीबाई मुकाट्याने उतरायच्या आणि दुखरा गुडघा सांभाळत उरलेला चढ चालायच्या. शेवटी मुलगा प्रतीकच वैतागला.

"बाबा, येत्या रविवारी आईला न उतरवता वर नेलंत तर गाडी ठेवू. नाहीतर बेचून टाकू, फायनल."

निवृत्तीनंतर अरविंदरावांच्या हुकमात राहिलेली ती एकच वस्तू होती. त्यांची झोप उडाली. अशात मोबाईलवर जाहिरात दिसली, की हा एअर फिल्टर बसवा आणि पंचवीस हॉर्सपॉवर जास्त मिळवा. खाली चक्क आलेख होता. जुन्या फिल्टरची रेघ तळाशी लोळत होती, नव्याची आभाळाला भिडली होती. आलेख दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

फिल्टर बसवल्यावर इंजिन डरकाळ्या फोडू लागलं. आवाज वाढला म्हणजे ताकदही वाढली असणार, असं त्यांनी खुशाल मानून घेतलं.

रविवारी चढाच्या मध्यावर डरकाळी चालूच होती, फक्त गाडी थांबली होती. मागे हॉर्नचा कल्ला उठला. मालतीबाई सवयीने उतरल्या आणि चालू लागल्या.

घरी येताच अरविंदरावांनी फिल्टरच्या कंपनीला फोन लावून पंचवीस हॉर्सपॉवरचा जाब विचारला.

"सर, वो टेस्ट कंडीशन में मिलता है."

"कौन सी कंडीशन?"

"बड़े इंजन पे, सर. आपकी गाड़ी में फर्क हो सकता है."

फोन आपटून त्यांनी चष्मा लावला आणि तो आलेख आता कुठे नीट पाहिला. तळाला शून्य नव्हतंच. मोजपट्टी मुळात वरच्या आकड्यापासूनच सुरू केलेली, म्हणून टेकाडाचा डोंगर दिसत होता. असा आलेख आणला म्हणून त्यांनी कितीतरी नव्या इंजिनियरांना हाकलून दिलं होतं. कंपनीवर चिडावं की स्वतःवर, हेच त्यांना कळेना.

समोर प्रतीक मोबाईलवर गाडी विकायची जाहिरात लिहीत होता. "दमदार इंजन, पच्चीस हॉर्सपावर एक्स्ट्रा," त्याने वाचून दाखवलं.

"खोड ते," अरविंदराव कडाडले. "लिही, चढावर थांबते. उतरून चालावं लागतं."

"असं लिहिलं तर कोण घेणार, बाबा?"

"नाही घेतली तर नाही घेतली."

हे म्हणताना त्यांना जरा बरंच वाटलं. खरेपणाही राहत होता आणि गाडीही.

मालतीबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "म्हणजे मी चालतच राहायचं का?"

अरविंदरावांनी मालतीबाईंच्या तेलकट हाताकडे पाहिलं. मग खिशातली किल्ली काढून त्यांनी प्रतीकपुढे ठेवली.

"खरं तेच लिही," ते म्हणाले, "आणि भंगारवाला आला तरी देऊन टाक."