शिवगंगाबाईंचा जादा दिवस

बोट शनिवारी संध्याकाळी पाचला मुंबईहून सुटणार होती. पण आपण शुक्रवारीच मुंबईत असायचं, असा शिवगंगाबाईंचा हट्ट होता.

त्यांच्या लेकीला, अंबिकाला, ते पटत नव्हतं. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागल्यापासून तिने पहिल्यांदाच मोठी रजा काढली होती. आईने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून तिने तीन दिवसांच्या बोटीची तिकिटं काढली होती.

"अव्वा, शनिवारी सकाळी दहाला इथून विमान हाय. दुपारपर्यंत आरामात पोचू. आदल्या दिवशी जाऊन करायचं काय?"

"सोळा वर्षं लातुरात मेस चालवली मी," शिवगंगाबाई म्हणाल्या. "क्लासच्या पोरी परीक्षेला परगावी जायच्या. एकीलाबी त्याच दिवशी सकाळी निघू दिलं न्हाई. तुला तरी दिलं का?"

अंबिका हसली आणि तिने शुक्रवारचं तिकीट काढलं.

खरं कारण मात्र शिवगंगाबाईंनी पोटातच ठेवलं होतं.

सतरा वर्षांपूर्वीच्या भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं माळवदाचं, मातीच्या जड छताचं घर बसलं. त्या पहाटे नऊ वर्षांच्या अंबिकाला घेऊन त्या अंगणात झोपल्या होत्या, म्हणून दोघी वाचल्या. नवरा गुरुबसप्पा आणि धाकटा मुलगा आत होते. पुढे त्या लातूरला आल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत चूल मांडली, क्लासच्या पोरींना जेवू घातलं आणि त्याच चुलीवर अंबिकाला डॉक्टर केलं. पण एक गोष्ट काही सुटली नाही. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला आणि फरशी थरथरली की हातातलं लाटणं टाकून त्या अंगणात पळायच्या. एसटी हलली तर काही वाटायचं नाही, ती चाकांवर चालते. उभ्या जागी घर हललं की मात्र पाय थांबायचे नाहीत. आणि अंबिकाने फोटोत दाखवलेली बोट म्हणजे सरळसरळ बारा मजल्यांचं घरच होतं, पाण्यावर ठेवलेलं.

पोरीने हौसेने काढलेल्या तिकिटाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. पण एवढ्या लोकांत आपण ओरडत पळालो तर पोरीची काय शोभा? म्हणून त्यांना एक दिवस जादा हवा होता. आधी एखाद्या लहान होडीत बसून बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

शुक्रवारी नांदेडच्या विमानतळावर दोन तास बसवून ठेवल्यावर कळलं की विमानात बिघाड आहे. आजचं उड्डाण रद्द. उद्याचं विमान भरलेलं.

अंबिका मटकन खाली बसली. "राहू दे अव्वा. आपल्या नशिबातच न्हाई."

शिवगंगाबाईंच्याही मनात क्षणभर आलं, बरं झालं, सुटलो. मग त्यांनी पोरीचा चेहरा बघितला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "नशिबाचं काय घेऊन बसलीस? एक दिवस हाय की आपल्याजवळ. मुंबईची रेल्वे कितीला?"

"संध्याकाळी. पर रिझर्व्हेशन मिळायचं न्हाई."

"मग बिगर रिझर्व्हेशनचं जाऊ."

जनरलच्या डब्यात परभणीपर्यंत दोघी उभ्याने गेल्या. तिथे बाकाच्या कडेला थोडी जागा मिळाली, तिथेच आळीपाळीने टेकल्या. सकाळी मुंबईत उतरल्या तेव्हा बोटीवर हजर व्हायला सहा तास उरले होते.

"आता कुठंतरी आंघोळ करू, जरा पडू," अंबिका म्हणाली.

"आधी गेटवेला चल. लहान बोटी असतात म्हणं तिथं. मला बसायचंय."

"संध्याकाळी बसायचंच हाय की!"

तेव्हा शिवगंगाबाईंनी खरं ते सांगितलं. तिकीट काढताना हा विचार आपल्या मनात कसा आला नाही, याची अंबिकाला लाज वाटली.

"अव्वा, आपण परत जाऊ. मला काय वाटणार न्हाई."

"मला वाटंल," शिवगंगाबाई म्हणाल्या. "सतरा वर्षं पळत राहिले. आता बास झालं."

अर्ध्या तासाची चक्कर मारणारी लाँच धक्क्याला लागली होती आणि उभ्या जागी डुलत होती. शिवगंगाबाईंनी चढायच्या फळीवर पाय ठेवला, आणि फळी खाली गेली. त्यांनी पाय मागे घेतला.

"मावशी, हात द्या," लाँचवाला म्हणाला.

"थांब बाबा. माझी मीच येते."

त्या चढल्या. लाँच निघाली. दोन्ही हातांनी त्यांनी बाक धरला. एक मोठी लाट आली, सगळंच उचललं गेलं, आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. पळायला जागा नव्हती. अंबिकाने कंबरेला विळखा घातला. शिवगंगाबाईंनी वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं.

बऱ्याच वेळाने त्या खाली बसल्या.

"हलतंय लई. पर डोक्यावर पडायला काय न्हाई."

"मोठ्या बोटीला छत हाय अव्वा. आपली खोली आठव्या मजल्यावर हाय."

"खोलीतच झोपायचं अशी सक्ती हाय का?"

"न्हाई. वर उघडा डेक असतो."

"मग झालं."

पाच वाजता बोट सुटली. खोलीतली फरशी थरथरली आणि शिवगंगाबाईंचे पाय दाराकडे धावलेच. पण या वेळी त्या ओरडल्या नाहीत. जिना चढून डेकवर गेल्या आणि मुंबई लहान होत जाताना बघत उभ्या राहिल्या. ती रात्र त्यांनी शाल पांघरून तिथल्याच आरामखुर्चीत काढली. बोटीवरच्या माणसाने दोनदा येऊन विचारलं, दोनदा त्यांनी त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या आपणहून खाली आल्या. खोलीचं दार मिटू नये म्हणून त्यांनी उंबऱ्यात बॅग ठेवली, पलंगावर आडव्या झाल्या आणि फरशीची थरथर ऐकत पडून राहिल्या. अंबिका डोळे मिटून जागी होती. थोड्या वेळाने तिला आईच्या घोरण्याचा आवाज आला.