नाव कळल्यानंतर

मुलगा मिलिंद गेल्यापासून मीराबाईंना रहस्यकथांचं वेड लागलं. त्यांना स्वतःला वाचता येत नसे. धामणकर नाक्याजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमधून मुलगी धम्मदिना संध्याकाळी घरी यायची, चहा व्हायचा आणि आई म्हणायची, "घे गं, कुठवर आलतो आपन?" मग धम्मदिना वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडायची.

शेवटचं प्रकरण आलं की मीराबाई ताठ बसत. गोष्टीतले सगळे एका खोलीत जमत, तपास करणारा एकेकाकडे बघत अखेर एकावर बोट ठेवी आणि मीराबाई मोठा सुस्कारा सोडत. "सुटला बिचारा," म्हणत. खुन्याबद्दल नव्हे, मेलेल्याबद्दल.

मिलिंद सुटला नव्हता. काही वर्षांपूर्वी तो राहनाळच्या गोदामात ड्युटीला गेला आणि परतलाच नाही. बऱ्याच दिवसांनी कशेळीच्या खाडीत सापडला. पाण्यात इतका राहिला होता की डोक्यावरची जखम मरणाआधीची की नंतरची, हेसुद्धा डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता आलं नाही. तपास तिथेच थांबला.

आणि तरी तो घरी येत होता. दिवेलागणीला, मोरीपाशी. भिजलेला, गुडघ्यांत मान घालून बसलेला. धम्मदिनाला तो कधी दिसला नाही.

"आपल्यात असलं मानत न्हाईत, मला ठावं हाय," मीराबाई म्हणायच्या. "पन मग काय डोळं मिटून घेऊ?"

धम्मदिना वाद घालत नसे. पण मोरीकडे पाठ करून बसणं तिलाही जमेनासं झालं होतं.

"नाव पायजेल त्याला," आई सांगे. "कुनी मारलं ते कळलं की जाईल."

मिलिंदचा गोदामातला दोस्त विपुल अधूनमधून यायचा. मिलिंद गेल्यावर पोलीस चौकीत खेटे घातले ते त्यानेच. घरातला बिघडलेला पंखा त्याने सुरू करून दिला. मीराबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं, नंतर रोज येऊन डोळ्यांत औषध घातलं. वाचन चालू असलं तर भिंतीला टेकून ऐकत बसायचा.

"तुला कोन वाटतो रं?" मीराबाई त्याला विचारत.

"मला न्हाय कळत, मावशी," तो म्हणे, आणि शेवटच्या प्रकरणाआधी उठून जाई.

यंदाच्या उन्हाळ्यात गोदामाचा जुना रखवालदार राघो इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. त्याने पोलिसांना बोलावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी एक फौजदार मीराबाईंच्या दारात उभा राहिला आणि त्याने नाव सांगितलं. विपुल.

रविवारची ड्युटी कोणी करायची, यावरून दोघांची बाचाबाची झाली होती. विपुलने ढकललं. माल चढवायच्या ओट्यावरून मिलिंद खाली पडला आणि ट्रेलरच्या लोखंडावर त्याचं डोकं आपटलं. जागीच गेला, असं विपुल आणि राघो दोघांचंही म्हणणं होतं. घाबरून त्यांनी त्याला टेम्पोतून खाडीवर नेलं.

"एवढ्यासाठी?" मीराबाईंनी विचारलं.

फौजदार म्हणाला, "त्यानं कबूल केलंय, मावशी. आता तुमच्या मनाला शांती मिळेल."

त्या संध्याकाळी मीराबाई मोरीपाशी गेल्या. "इपुलनं मारलं तुला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपल्या इपुलनं. कळलं मला. जा आता, बाळा." बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"गेला?" धम्मदिनाच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाय. हललाबी न्हाय."

उलट आता घरात विपुलही राहायला आला. पंखा फिरला की तो होता. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, तिथे तो होता. मीराबाई दिवसातून कितीदा तरी डोळ्यांवर पाणी मारत. "त्याच हातानं औषध घातलं गं," म्हणत आणि पुन्हा पाणी मारत.

अर्धं राहिलेलं पुस्तक धम्मदिनाने एके दिवशी मुद्दाम काढलं. आईचं मन रमेल, एवढाच विचार. शेवटी खुनी घरचाच डॉक्टर निघाला. धम्मदिनाने पुस्तक मिटलं. या वेळी सुस्कारा आला नाही.

"वाच की."

"संपलं, आई."

"नाव सांगितलं आन् संपलं? त्या मेलेल्या पोरीची आई हुती ना, समद्यांना चहा करून देनारी? ती काय करते आता?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग काय लिवलंय त्यानं!" मीराबाईंनी पुस्तक बाजूला सारलं. जरा वेळाने म्हणाल्या, "मला इपुलच्या आईकडं ने."

धम्मदिनाने समजावून पाहिलं, पण आई ऐकेना. रविवारी सकाळी शेअर रिक्षाने दोघी राहनाळला गेल्या. विपुलची आई तुळजाबाई ओटीवर एकटीच होती. यांना पाहून ती उठलीही नाही.

"मारायला आली असशील तर मार," ती म्हणाली.

मीराबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "इचारायला आले. त्या दिवशी घरी आला तवा काय बोलला तुझा पोर?"

रस्त्यावरून कंटेनर गेला, तशी मांडणीवरची भांडी थरथरली. ती थांबल्यावर तुळजाबाई बोलली.

"पोलिसांना न्हाय सांगितलं त्यानं. मला सांगितलं. कशेळीला टेम्पोतून उतरवताना तुझ्या पोरानं डोळं उघडलं. म्हनला, 'आईला बोलव.'"

"मग?"

"राघो म्हनला, हा जगला तर आपन दोघं गेलो." तिने पदर तोंडावर घेतला. "मी त्याचे वलं कपडे धुतले. कुनाला बोलले न्हाय."

धम्मदिना अंगणात जाऊन खांबाला धरून उभी राहिली. आतून आईचा आवाज आला, "काय म्हनला? परत सांग." तुळजाबाईने परत सांगितलं.

परतताना रिक्षात मीराबाई एवढंच बोलल्या, "मी त्याला जा म्हनले. आन् तो मला बोलवत हुता."

त्या संध्याकाळी त्या मोरीतच जाऊन बसल्या. भिंतीला टेकून, एक हात बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर धरून. "मी हाय हितं," अधूनमधून म्हणत होत्या. धम्मदिनाने गॅस बंद केला आणि ती आईशेजारी येऊन बसली. तिला काही दिसलं नाही. तिथे गारवा होता, पण मोरीत गारवा असतोच.

तुळजाबाई महिन्याभराने आपणहून पोलिसांकडे गेली. आता खटला उभा राहिला आहे. तिच्या साक्षीच्या दिवशी बाकावर शेजारी बसायला तिच्या गावातलं कोणीच आलं नाही. मीराबाई उठून तिथे जाऊन बसल्या. विपुलला आत आणलं. दोघींना एका बाकावर पाहून तो दारातच अडला, पोलिसाने त्याला पुढे नेलं.

तुळजाबाईचं नाव पुकारलं, पण तिचे पाय उचलेनात. मीराबाईंनी तिच्या दंडाला धरलं.

"चल," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना."