बिनउचलीचा गोलकीपर

धर्माजी पाटलांच्या मते फुटबॉलची टीम चालवणं हे ट्रेलर चालवण्यापेक्षा सोपं होतं, कारण टीमला डिझेल लागत नाही. हे मत त्यांनी मोठीखारच्या नाक्यावर, स्वतःच्या ऑफिसात, दोन लग्नांत आणि एका दहाव्याला मांडलं होतं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरचा कोणी ना कोणी त्यांच्याकडे कामाला असल्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कल्पिताने तेवढी डोलावली नव्हती. आठ वर्षं ती त्यांच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळत होती, आधी ट्रेलरची आणि आता टीमचीही, आणि शेठना फुटबॉलमधलं किती कळतं ते तिला रोज फाईलमध्ये दिसत होतं.

मोठीखार हे मिठागरांचं गाव. धर्माजींच्या वडिलांची मिठागरं होती, धर्माजींचे बेचाळीस ट्रेलर. किनारपट्टीवर आठ टीमांची लीग सुरू झाली तेव्हा लीगवाल्यांनी एक शहाणपणाचा नियम केला होता: एका मोसमात खेळाडूंवर बारा लाखांच्या वर खर्च धरता येणार नाही. तसं नसतं तर जमिनीचे पैसे आलेल्या दोन गावांनी सगळा जिल्हाच विकत घेतला असता. या नियमाला सगळे ‘लिमिट’ म्हणत.

लिमिटला एक पळवाट होती. करार करताना खेळाडूला जी एकरकमी आगाऊ रक्कम दिली जाते, ती त्याच वर्षी पुरी धरायची नाही. जितक्या वर्षांचा करार, तितक्या वर्षांत सारखी वाटून धरायची. दहा लाख हातावर ठेवले आणि करार पाच वर्षांचा केला, तर लिमिटमध्ये वर्षाला दोनच लाख दिसतात. हा शोध शेठचा पुतण्या प्रज्योत याने लावला. प्रज्योत परदेशी क्लबांच्या बातम्या मोबाईलवर बघायचा आणि त्या पुण्याईवर त्याने ‘डायरेक्टर’ असं कार्ड छापून घेतलं होतं.

त्याने काकांना समजवायला सुरुवात केली, पण शेठना समजवण्याची गरजच पडली नाही.

“म्हंजे उचलच की,” ते म्हणाले. “यात काय नवीन हाय?”

उचल त्यांच्या रक्तात होती. दिवाळी झाली की मिठागराचा मालक कामगाराला आगाऊ पैसे द्यायचा, आणि ते फिटेपर्यंत तो माणूस त्या आगरावरून हलत नसे. दुसऱ्या मालकाला तो हवा असेल, तर त्याने आधी पहिल्याच्या हातात उचल ठेवायची आणि मग माणूस न्यायचा. त्याबद्दल कोणी लिहून घेत नसे, कोणी विचारत नसे. ट्रेलरच्या ड्रायव्हरांचंही शेठ तसंच चालवत. कपाटात त्यांची उचलींची एक लाल वही होती आणि त्यांचा त्या वहीवर देवापेक्षा जास्त भरवसा होता.

तर पहिल्या वर्षी रितेश नाईक आला. गोव्याकडचा स्ट्रायकर, वय चौतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. दहा लाख उचल, वर्षाला दीड लाख पगार, करार पाच वर्षांचा. नाक्यावर बॅनर लागला. त्यावर रितेश लहान आणि धर्माजी मोठे होते.

“एकोणचाळिसाव्या वर्षी हा काय खेळणार?” कल्पिताने विचारलं होतं.

“ताई, ती कागदावरची वर्षं असतात,” प्रज्योत म्हणाला. बावीस वर्षांचा पोरगा, आणि असं समजुतीने हसला की तिला त्याच्या थोबाडावर फाईल मारावीशी वाटली.

दुसऱ्या वर्षी याच अकलेचा जोर वाढला. लिमिटमध्ये जागा करायची म्हणून एकेका खेळाडूचा पगार नावापुरता ठेवला आणि बाकी सगळी उचल करून पुढच्या वर्षांवर ढकलली. पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली सारावा आणि घर आवरलं म्हणावं, तसा प्रकार. टीम पाचवी आली. शेठनी मात्र ‘पुढच्या वर्षांची तयारी’ म्हणून पेढे वाटले.

लीगच्या नियमांचं कलम नऊ फक्त कल्पिताने वाचलं होतं. खेळाडू मध्येच सोडला किंवा गेला, तर त्याच्या उचलीचा जेवढा भाग अजून धरायचा राहिला असेल, तो सगळा त्याच वर्षी धरला जाईल, आणि ज्याने करार केला त्याच टीमच्या नावावर. तिने हे शेठना तीन वेळा सांगितलं. पहिल्या वेळी ते फोनवर होते, दुसऱ्या वेळी जेवत होते, तिसऱ्या वेळी त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “तू टायपिंग बघ.”

कल्पिताचा नवरा हितेश हा टीमचा गोलकीपर. यार्डात क्रेन चालवायचा आणि संध्याकाळी मैदानावर असायचा. मैदान म्हणजे जुनंच एक मिठागर, मुरूम टाकून बुजवलेलं. त्यावर रोलर हितेशने फिरवला होता, आणि चेंडू कुठे उसळतो, कुठे बसतो, हे त्याला डोळे मिटून सांगता येत होतं. त्याला बॅनरवर फोटो नको होता, डायरेक्टरचं कार्ड नको होतं. या मैदानावर या दोन खांबांमध्ये उभं राहायचं, एवढीच त्याची हौस.

त्याचा करार दरसालचा होता, एक लाख वीस हजार पगार. उचलीच्या रकान्यात कल्पितानेच स्वतःच्या हाताने ‘निरंक’ लिहिलं होतं. तिचे वडील, दत्तात्रेय, एका उचलीपायी धर्माजींच्या वडिलांच्या मिठागरावर सव्वीस वर्षं मीठ ओढत राहिले होते. एक उचल फिटायच्या आत दुसरी डोक्यावर यायची. त्या घरात तो शब्द शिवीसारखा होता. ‘निरंक’ लिहिताना कल्पिताला अभिमान वाटला होता.

तिसऱ्या मोसमाआधी, ऑक्टोबरात, लीगचं पत्र आलं. मोठीखारचा आकडा तेरा लाख होत होता. पंधरा नोव्हेंबरपर्यंत बाराच्या आत आणा, नाहीतर टीम मैदानात उतरणार नाही.

शेठनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. “रितेशला काढा. गुडघे गेले त्याचे.”

“रितेशला काढला तर आकडा वाढतो, शेठ,” कल्पिता म्हणाली. “पगाराचे दीड लाख वाचतील. पण उचलीचे सहा लाख धरायचे राहिलेत. या वर्षी दोन धरतोय, ते सहाच्या सहा धरावे लागतील. अडीच लाखांनी वाढला आकडा.”

“मंग दुसरा कोण?”

प्रज्योतने यादीवरून बोट फिरवलं. सगळ्यांच्या नावापुढे उचल होती. ज्याला काढावं तो ठेवण्यापेक्षा महाग पडत होता. बोट खाली येत येत एका रकान्यावर थांबलं, आणि कल्पिताला ते थांबण्याआधीच कळलं.

“हितेशदादा क्लीन आहे,” प्रज्योत म्हणाला. “काढला की सरळ एक वीस कमी. अकरा लाख ऐंशी हजार.”

दोन वर्षांत त्याने केलेला हा पहिला बरोबर हिशेब होता.

“तुजा नवरा हाय म्हणून तुलाच पयला सांगतो,” शेठ म्हणाले, आणि आपण केवढं मोठं मन दाखवलं अशा चेहऱ्याने चहाचा कप उचलला. “घरचा माणूस हाय, समजून घेल. पत्र टाईप कर.”

तिने पत्र टाईप केलं. रागारागाने. ज्या माणसाने यांच्याकडे काही मागितलं नाही, त्याला काढणं सोपं. ज्याने लुबाडलं, त्याला सांभाळायचं. आणि हे सोपं करून ठेवणारी ती स्वतः होती, तिच्याच अक्षरातल्या त्या एका शब्दाने. याची तिला जास्त चीड आली.

हितेश मैदानावर गोलपोस्टला चुना मारत होता. त्याने पत्र वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

“रितेश ऱ्हाणार?”

“ऱ्हाणार. त्याला काढायला परवडत न्हाय.”

“बरं झालं आपण स्वस्त हाव,” तो म्हणाला, आणि उरलेला अर्धा खांब रंगवून मगच घरी आला. त्या रात्री तो जेवला नाही. कल्पिताने त्याला कधी न जेवता झोपलेलं पाहिलं नव्हतं.

आठवड्याने तळा गावच्या टीमचा फोन आला. त्यांच्या लिमिटमध्ये एक लाख दहा हजारांची जागा होती आणि गोलकीपर नव्हता. ‘तुमच्या नावावर मागचं काही नाही ना?’ एवढंच त्यांनी विचारलं. हितेश शनिवार-रविवार सरावाला तळ्याला जाऊ लागला. लाल मातीचं सपाट मैदान, चांगली माणसं. “चेंडू सरळ येतो तिथं,” तो घरी येऊन म्हणाला. “करमत न्हाय.”

इकडे नोव्हेंबर उजाडला आणि धर्माजींचं नशीब फळफळलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. मुरुडच्या टीमचा मालक, तिथला एक लॉजवाला, रितेशला मागत होता.

“घेऊन जा म्हणाव,” शेठ खुर्चीत मागे रेलले. “दीड लाख पगार सुटला, आन मुरुडवाला उचल भरंल ती वेगळी. सहा लाख परत.”

“त्यांनी भरतो म्हटलंय?” कल्पिताने विचारलं.

“ते विचारायचं नसतं पोरी. माणूस नेला म्हंजे उचल आलीच.”

“लीगमध्ये तसं न्हाय, शेठ. कलम नऊ. त्यांनी नेला तरी सहा लाख आपल्याच नावावर धरणार. मुरुडवाला कशाला देईल?”

“चाळीस वर्षं उचल देतोय मी,” धर्माजी म्हणाले. “मला उचल शिकवू नको.”

कलम नऊ सांगायची ही चौथी वेळ होती. तिने रितेशला सोडल्याचं पत्र छापलं, त्याला कलम नऊची प्रत जोडली, सहा लाखांच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली आणि शेठच्या पुढ्यात ठेवलं. शेठनी सही केली. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे ती नेमकी त्या लाल रेघेवर झाली.

रितेश मुरुडला गेला. शेठनी चार दिवस वाट पाहिली, मग फोन केला आणि मोठेपणाने स्पीकरवर टाकला.

“कसली उचल, भाई?” लॉजवाल्याचा आवाज आला. “तुम्ही छोडलात, आम्ही घेतला. काही लिहिलेलं आहे का?”

लिहिलेलं काही नव्हतं. लिहिलेलं होतं ते लीगच्या पत्रात, आणि ते दुसऱ्या दिवशी आलं: चौदा लाख तीस हजार. मुदतीला दोन दिवस.

पंधरा तारखेला दुपारी धर्माजी, प्रज्योत आणि कल्पिता ऑफिसात बसले होते. शेठ मुरुडवाल्याला, लीगला आणि एकूण कलियुगाला शिव्या देऊन दमले होते. प्रज्योतचा मोबाईल प्रथमच खिशात होता.

“कोणाला काढून भागंल?” शेठनी विचारलं.

“कोणालाच न्हाय,” कल्पिता म्हणाली. “ज्याला काढाल त्याची पुढची सगळी उचल या वर्षात येऊन पडते.”

“असा कसा? आपल्या टीममदी एक तरी बिनउचलीचा असंल. त्याला काढा.”

“एकच होता, शेठ.”

बाहेर ड्रायव्हर ट्रेलर मागे घेत होता. कल्पिताला वाटलं, आता तरी या माणसाच्या डोक्यात काही उजेड पडेल. महिनाभर ती याच क्षणाची वाट बघत होती. धर्माजींचा चेहरा खरोखरच उजळला.

“मंग बोलव ना हितेशला,” ते म्हणाले. “त्याला परत घ्या, आन परत काढा. एक वीस कमी व्हतील.”

प्रज्योतने क्षणभर विचार केला आणि, खोटं वाटेल, पण मान डोलावली.

एरवी कल्पिताने समजावून सांगितलं असतं. आठ वर्षं ती तेच करत आली होती. घेतला की आकडा वाढतो, काढला की तेवढाच उतरतो, हाती शून्य. शेठ, हितेश तळ्याच्या टीममध्ये आहे. शेठ, तो माणूस आहे. आज तिने पर्समधून कपाटाची चावी काढली आणि टेबलावर, लीगच्या पत्रावर ठेवली.

“हे काय?”

“उद्यापासून मी येणार न्हाय.”

“जाशील कशी?” धर्माजींना हसू आलं. या विषयात त्यांना सगळं कळत होतं. “आधी हिशेब बघू तुजा. प्रज्योत, ती लाल वही काढ.”

प्रज्योतने कपाट उघडून वही दिली. शेठनी थुंकी लावून पानं उलटायला सुरुवात केली. ड्रायव्हर होते, क्लीनर होते, अकरा खेळाडू होते, वॉचमन होता, देवळाचा पुजारी होता, एका पानावर खुद्द प्रज्योत होता. त्यांनी शेवटचं पान बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

कल्पिताने पर्स खांद्याला लावली. तळ्याला जायचं तर पेणहून चारची एसटी होती, आणि उद्या हितेशची नव्या टीमकडून पहिली मॅच होती. ती दारातून बाहेर पडली तेव्हा धर्माजी तिचं नाव शोधतच होते.