कैलासावरून थेट

आशागडच्या चिकूवाडीत जमलेला सगळा गाव एकदम खाली बसला, कारण स्पीकरमधून देव म्हणाला, "ए, खाली बस ना रे, दिसत नाय."

हा देव कुठल्या तरी रॉक कार्यक्रमात मागच्या रांगेत उभा असावा, असं माझं मत. ते वाजवून बहिरेपण घालवणाऱ्या नादबाबांचं मत वेगळं. "आ कैलासनुं डायरेक्ट रेकॉर्डिंग छे. शिट्ट्या मारतात ते शिवगण. गिटार नारदाची, वीणा बदलून घेतली. हे ऐकून बहिऱ्याचे कान उघडतात. पण ओरिजिनलच पाहिजे, कॉपीत शक्ती उतरत नाही."

ओरिजिनलचा आवाज असा, की पत्र्याच्या डब्यात कोंबड्या कोंबून डबा उतारावरून सोडावा.

माझी बहीण संगिता सहा वर्षांच्या शितलला घेऊन फळ्यांच्या मंचावर चढली. मागोमाग मी. शितलला फार कमी ऐकू येतं. कानातल्या मशीनवर तिची शाळा चालते. सेवेकऱ्याने ते मशीन काढून मुठीत धरलं. शेजारी पाण्याची बादली. तिच्या तळाशी इतरांची मशीनं मेलेल्या झुरळांसारखी पडलेली.

आवाज आला की हात वर करायचा, हे शितलला दवाखान्यातल्या तपासणीमुळे पाठ. ड्रम वाजला, हात वर. पुन्हा ड्रम, पुन्हा हात.

"बघ, ऐकतेय माझी पोर," संगिता रडत म्हणाली.

"ताई, मशीन बुडवू देऊ नको."

"तुला मेल्या सगळ्याची थट्टाच सुचते."

"बेन, संशय आला की कान पाछा बंद," बाबा म्हणाले. "टाका बादलीत."

आनंदाने संगिताने पोरीला कडेवर उचललं. ड्रम चालूच, पण हात खाली आला. शितल घसरून उतरली. पाय फळीला लागले, हात वर. मग आईच्या गळ्याला लोंबकळून तिने दोन्ही पाय उचलले. हात खाली. तिला खेळच सापडला. उतर, वर. लोंबकळ, खाली.

मी तिच्या पायाखालची सुटी फळी काढली. आत वरातीतला भलामोठा बेस बॉक्स, तोंड वर करून बसलेला. पोर ऐकत नव्हती. तिच्या तळव्यांना हादरे बसत होते.

"कैलासावर पण बेस लागतो," बाबा म्हणाले.

"हा बाबा तर वेवजी गावचा डीजेवाला," खालून कोणीतरी म्हणालं. "आमच्या हळदीला हाच होता."

संगिताने सेवेकऱ्याच्या मुठीतून मशीन हिसकावलं आणि पोरीच्या कानात बसवलं. शितलने कैलास पहिल्यांदाच नीट ऐकला. तोंड वाकडं केलं.

"मामा, घाण आवाज. बंद कर."

मी वायर उपटली.

ट्रक गेला की आपल्या फळीवरची भांडीही थरथरतात. भांड्यांना ऐकू येतं असं कोणी म्हणत नाही. कानाचं कानाच्या डॉक्टरला विचारा. आणि चमत्कार दिसलाच, तर आधी पाय उचलून बघा.