शेवटच्या रांगेतला कान

"तीनशे एकवीस, तीनशे बावीस." मंचापासून पावलं मोजत गोपाळ गवस शेवटच्या रांगेशी पोचला, तोवर त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. तिथे त्याच्या बायकोने, विमलने, जत्रेतल्यासारखं गोड खाज्यांचं दुकान मांडलं होतं.

"किती झाली?" तिने विचारलं.

"तीनशे बावीस. गेल्या वर्षा दोनशे धा."

"म्हणजे लोक वाढले."

"वाढतले नाय तर? आवाज कोणाचो असा?"

हा गर्वच होता, पण गोपाळला तो शोभून दिसायचा. गोव्याचं राज्य झालं त्या साली त्याने कारापुरात माइकचा धंदा काढला. पाटी कोकणीत लिहावी की मराठीत, यावरून नाक्यावर दोन तट पडले, तेव्हा त्याने पाटीवर नुसता भोंगा रंगवला आणि दोघांनाही गप्प केलं. पुढच्याच हिवाळ्यात डेन्मार्कचा निल्स आपली गिटार आणि तीन सोबती घेऊन पेडण्याच्या किनाऱ्यावर आला. त्यांचा स्पीकर पहिल्याच गाण्याला जळला आणि कुणीतरी गोपाळला बोलावून आणलं. त्या संध्याकाळी ऐकायला सव्वीस माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. शेवटचा माणूस स्पीकरपासून गोपाळच्या पंचवीस पावलांवर बसला होता.

आवाज लावल्यावर गोपाळ चालत त्या शेवटच्या माणसापाशी गेला आणि तिथे उभा राहून ऐकू लागला. ही जत्रेतली सवय. दशावतारातल्या राजाचा शब्द खाज्यांच्या दुकानातल्या बाईपर्यंत गेला नाही, तर माइकवाल्याचं तोंड कोण बघणार? निल्सच्या इंग्रजीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून त्याने शब्दांचा नाद सोडला आणि ओळ उचलण्यापूर्वी गाणारा जो श्वास घेतो, तो ऐकू येतो का एवढंच पाहिलं. श्वास पोचला की सगळं पोचलं.

निल्सला हे फार आवडलं. त्याच्या मुलखात दीडशे माणसं जमली तरी खूप, असं तोच सांगायचा. इथे मात्र दर हिवाळ्याला माणसं वाढत गेली. आधी गोरे प्रवासी, मग पेडण्याचे, डिचोलीचे, पुढे सावंतवाडी आणि कोल्हापूरचेही लोक येऊ लागले. किनारा पुरेना, म्हणून कार्यक्रम काजूच्या माळावर आला. यंत्रं बदलली, मिक्सरवर निल्सचाच माणूस बसू लागला. पण शेवटच्या रांगेत स्टुलावर उभा राहून गोपाळने लाल फडकं वर केलं की आवाज वाढवायचा आणि खाली केलं की कमी करायचा, हा नियम बारा वर्षं कुणी मोडला नव्हता.

आणि यंदाच्या चतुर्थीपासून गोपाळला कमी ऐकू येत होतं. आरतीतली झांज त्याला आधी दिसली, ऐकू आलीच नाही. ही गोष्ट त्याने विमललाही सांगितली नव्हती. बहिऱ्या माइकवाल्याला कोण बोलावणार? भोंग्याची पाटी उतरवायची म्हणजे जगायचं तरी कशाला, असं त्याला वाटे.

ऊन कलायला लागलं आणि निल्सने गिटार छेडली. गोपाळ स्टुलावर चढला. तार ऐकू आली, ढोल छातीत वाजला, पण श्वास काही येईना. त्याने फडकं वर केलं. आवाज वाढला. तरी श्वास नाही. त्याने फडकं आणखी उंच धरलं.

खाली रांगेतली माणसं मागे वळून बघू लागली. एका बाईने लेकराचे कान झाकले. गोपाळने विमलकडे पाहिलं. तिची दोन्ही बोटं कानात होती आणि डोळे त्याच्यावर रोखलेले.

तो स्टुलावरून उतरला. "विमल, तो श्वास घेता तो तुका आयकाक येता?"

"मगाशीच येय होतो. आता कान फुटतत माजे."

 गोपाळने फडकं तिच्या हातात दिलं. "चड वर."

"मी? माका मशीनीतला काय कळता?"

"बारा वर्षां हयच बसून आयकतस. जत्रेतली वर्षां वेगळीच. चड."

विमल पदर खोचून स्टुलावर चढली. तिने फडकं हळूहळू खाली आणलं. माळावरचे चेहरे सैल झाले, लेकराच्या कानांवरचे हात निघाले. तिथे तिने फडकं थांबवलं.

मध्यंतरात गोपाळ तीनशे बावीस पावलं पुढे चालत गेला. निल्स हसत आला, तसा गोपाळने आपल्या कानाला हात लावला आणि मान हलवली. "कान गेलो." मग मागे लांबवर, स्टुलावरच्या लुगड्याकडे बोट केलं. "आता ती. माज्यापेक्षा बरी." निल्सला शब्द किती कळले देव जाणे. त्याने गोपाळचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. गोपाळचे डोळे भरले, पण मान ताठ होती.

दुसऱ्या भागात विमल स्टुलावर होती आणि गोपाळ खाज्यांमागे बसला होता. खाज्यांच्या डब्यावर त्याने तळहात टेकला. पत्र्यातून ढोल हाताला नीट लागत होता.

एक गिऱ्हाईक वाकून काहीतरी म्हणालं.

"वायच मोठ्यान सांग बाबा," गोपाळ म्हणाला, "माका कमी आयकाक येता."