मुकादमाचं बटण

शिवणबाईंच्या दुकानावर खरा अंमल चालायचा तो मुकादमाचा. मुकादम म्हणजे त्यांचा बोका. कापायच्या टेबलावर ऐसपैस पसरून तो बाईंच्या कात्रीवर नजर ठेवायचा आणि नेमकं हवं असलेलं कापड अंगाखाली घ्यायचा, म्हणून हे नाव. असा हा माजोरी गडी एक दिवस टेबलावर उडी मारायला गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला. बाईंनी त्याचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या अस्तराच्या कापडासारख्या पांढऱ्याफटक.

प्राण्यांची डॉक्टरीण वयाने लहान, पण बोलायला सरळ. "याच्या शरीराला स्वतःचंच रक्त परकं वाटायला लागलंय. तांबडी पेशी दिसली की शत्रू समजून मोडून काढतंय."

"म्हणजे घरच्यांच्याच जिवावर उठलंय," बाई म्हणाल्या. "शोभतो खरा आमच्या घराण्यात!"

"रोज सकाळी ही गोळी पोटात गेलीच पाहिजे. शरीराचा हा राग तीच आवरते. चुकवलीत, तर बोका हातचा जाईल."

आता बोक्याला गोळी देणं म्हणजे काय, हे ज्याने दिलीय त्यालाच ठाऊक. मुकादम गोळी निमूट घ्यायचा, गरीब चेहरा करून बसायचा आणि बाईंची पाठ वळली की ती चपलेत नेऊन थुंकायचा. वर 'गोळी' हा शब्दही त्याला कळायला लागला. कुणी तो उच्चारला की स्वारी कपाटाखाली. शेवटी बाईंनी तो शब्द घरातून हद्दपार केला. गोळीला त्या 'बटण' म्हणू लागल्या आणि ते चीजच्या गोळ्यात दडवून बशीत ठेवू लागल्या. बोक्याला खाताना कुणी पाहिलेलं खपत नसे, म्हणून बशी स्वयंपाकघरात ठेवायची आणि आपण बाहेर दुकानातल्या कपडे बदलायच्या पडद्याआड उभं राहून कान लावायचा.

काय मिटक्या ऐकू यायच्या! एकदा तर चक्क ढेकर ऐकू आला. आजारी जिवाला अन्न इतकं गोड लागतंय, म्हणून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुकादमाचं बटण लागलं बरं का, दादा!" त्या आनंदाने सांगायच्या.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासून निवृत्त झालेला. दुसऱ्याची चूक त्याला लांबून दिसायची. स्वतःची दिसायला मात्र चष्मा कधी सापडत नसे. त्याच्या डॉक्टरांनी चीज, लोणी सगळं तोडलं होतं आणि बाई ते हुकूम पोलिसासारखे राबवत होत्या.

"मांजराला चीज आणि मला उकडलेला दुधी," दादा कुरकुरायचा. "मला ताप आला होता तेव्हा 'पडून राहा' म्हणालीस."

"तू पडून राहतोस तरी. तो राहत नाही."

पंधरवड्याने बाई बोक्याला टोपलीत घालून पुन्हा दाखवायला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वाढायचं सोडून घटलंय. असंच चाललं तर दुसऱ्या मांजराचं रक्त चढवावं लागेल, आणि तेही याच्या अंगाला मानवेल याची खात्री नाही. गोळी नक्की जाते ना?"

"बशी चाटूनपुसून लख्ख असते."

"मग परिणाम दिसायला हवे होते. भूक वाढते, तहान लागते, चेहरा गोल होतो, चिडचिड होते."

"अहो, घरात सगळं आहे की! उठल्यापासून खायला मागतो, रात्रभर पाण्याला उठतो, तोंड भोपळ्यासारखं झालंय. विजारी कमरेत सैल करून करून मी थकले. काल तर माझ्या गिऱ्हाइकावर खेकसला!"

डॉक्टरीणबाईंनी टोपलीतल्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं. "हा? विजार?"

"हा कसला! आमचा दादा."

एवढं म्हटलं आणि बाईंचा हात तोंडावर गेला.

बोक्याला तिथेच इंजेक्शन टोचलं. रक्त चढवायचं की नाही, ते चार दिवसांनी ठरवू, असं ठरलं. बाई घरी आल्या त्या थेट दादासमोर टोपली ठेवून उभ्या राहिल्या.

"चीज कोण खातं?"

"कुठलं चीज?"

"दादा!"

"एवढासा तर गोळा असायचा," दादा म्हणाला. "चावत बसलं तर सापडायचो, म्हणून सबंध गिळायचो. बोटं तेवढी चाटायचो. बशी तो चाटायचा. वाटणी होती आमची."

"त्यात गोळी होती!"

शब्द ऐकताच टोपलीतून फिस्कारल्याचा आवाज आला.

"गोळी? तू तर बटण बटण म्हणायचीस! मला वाटलं, त्याला कोट शिवतेयस. तुझं काही सांगता येतं का?" मग दादाचा हात आपसूक स्वतःच्या गोल गालावर गेला. "म्हणजे मी मांजराचं औषध... अगं, मला काही होणार तर नाही ना?" दादा टोपलीकडे पाहत राहिला. "मग इतके दिवस त्याला काय मिळालं?"

"बशी."

दादाने टोपलीत हात घालून बोक्याच्या पाठीवरून फिरवला.

दादाच्या डॉक्टरांनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग त्याचंही रक्त तपासलं आणि दुधी पुढे चालू ठेवायला सांगितला. दादा घरी आला आणि त्याने बोक्याची गोळी स्वतःच्या अंगावर घेतली. मुकादमाला टॉवेलात गुंडाळायचं, जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची आणि गळा चोळत बसायचं. हातांवर ओरखड्यांची नक्षी उमटली. "मुद्रितं तपासताना एवढ्या लाल खुणा कधी केल्या नव्हत्या," तो म्हणायचा.

पण मुकादम काही खाईना. दादा जेवायला बोक्याशेजारी जमिनीवर बसू लागला. घास पुढे करायचा, बोका तोंड फिरवायचा. दादाचाही घास मग तसाच राहायचा. औषधाने वाढलेली भूक अशी कुठे गेली, हे बाईंनी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, बोक्याला दवाखान्यात न्यायच्या आधी, बाई एका गिऱ्हाईकबाईंच्या अंगावर झगा टाचत होत्या. इतक्यात आतून भांडं आदळलं, दादाची किंकाळी आली, आणि पाठोपाठ तोच रात्रीच्या लेंग्यावर दुकानात आला. बोटातून रक्त गळत होतं.

"खाल्लं! अगं, खाल्लं! हातातून ओढून खाल्लं!"

बाईंच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. त्या आत धावल्या. मुकादम दादाचा पाव पंजाखाली दाबून तोडत होता. त्यांनी ओठ वर केला, तर तो त्यांच्यावरही गुरगुरला. हिरडीवर गुलाबी रंगाची पुसट झाक होती. बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या.

बाहेर अर्धवट टाचलेल्या झग्यातल्या बाई हलायचीही सोय नसल्यामुळे जागीच उभ्या होत्या. "काय खाल्लं हो कुणी?" त्यांनी घाबरून विचारलं.

"माझं!" दादा छाती काढून म्हणाला.