पाठमोरी शामला

"बाबा, त्यांचा मेल आला. पिक्चर अब रिलीज़ नहीं होगी. डब्ब्यात गेली समजा," अंतरा म्हणाली. "पण आईवाला हिस्सा पाठवलाय. बघता?"

रमाकांतांनी हातातला चहा बाजूला ठेवला. वर्षभर ते याच मेलसाठी लेकीच्या मागे लागले होते.

सहा छोट्या गोष्टी जोडून एक सिनेमा करायला लंडनची मंडळी आली होती. त्यातली एक गोष्ट ग्वाल्हेरची. शाळेत शूटिंग करताना त्यांना ऑफिसात दाखले लिहिणाऱ्या शामलाबाई, म्हणजे अंतराची आई, दिसल्या आणि विधवा आईचं काम त्यांनाच दिलं. बाई हरखल्या. तिथे रमाकांत आडवे आले.

"मी जिवंत असताना तू कुंकू पुसणार? सगळ्या जयेंद्रगंजात शोभा होईल!"

"अहो, दोन मिनिटांचं तर काम आहे."

"कर ना! पण कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही."

बिचाऱ्या दिग्दर्शक साहेबांनी हात टेकले. कुंकू दिसायलाच नको म्हणून कॅमेरा बाईंच्या मागे ठेवला. शूटिंगला जातीने हजर असलेले रमाकांत मिशीतल्या मिशीत हसले. जिंकले होते ना!

पुढच्याच वर्षी शामलाबाई चार दिवसांच्या तापात गेल्या. घरात कुणी मोबाइल रोखला, की "थांबा, केस नीट करते" म्हणत त्या आत पळायच्या. त्यामुळे भिंतीवरच्या फोटोखेरीज काही उरलं नव्हतं. एकदा तरी ती चुकून कॅमेऱ्याकडे वळली असेल, या आशेवर रमाकांत दिवस काढत होते.

अंतराने लॅपटॉप समोर ठेवला. खिडकीशी पांढऱ्या साडीत शामलाबाई तांदूळ निवडत होत्या. सैल अंबाडा, वाकलेली मान. बाहेरून कुणीतरी "आई" अशी हाक मारली.

"आले रे," त्या म्हणाल्या. रमाकांत पुढे सरकून बसले. त्या उठल्या, तशाच पाठमोऱ्या दाराकडे गेल्या.

"कट!" कुणी साहेब ओरडला. चित्र संपलं, पण आवाज राहिला होता.

"अहो, चेहरा दिसला नाही ना माझा?"

"नाही. अजिबात नाही," रमाकांतांचाच खणखणीत, खूश आवाज.

अंतराने घाईने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "फक्त माझं बोलणं यायच्या आत बंद कर."